गोठा गरम नको, कोरडा हवा

प्रश्न: मावशी, लग्न होऊन शेतावर आले तरी जनावरांचं सगळं आजवर सासरेच बघायचे. यंदा त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि ऐन थंडीत गोठा माझ्या अंगावर आला. दोन गाई आहेत, एक दुधात आणि एक गाभण, महिन्याभरात व्यायची आहे. पाच शेळ्या, त्यातल्या तीन गाभण. थोड्या कोंबड्या आणि एक कुत्रा. सासऱ्यांनी खाटेवरूनच फर्मान काढलं की गोठ्याला चारी बाजूंनी प्लास्टिक लाव, त्यांनी कायम तसंच केलंय. मी लावलं, पण सकाळी आत गेलं की डोळे चुरचुरतात आणि छतावरून पाणी टपकत असतं. नवरा म्हणतो रात्री कोळशाची शेगडी ठेवू. दूध कमी झालंय, कोंबड्यांनी अंडी बंद केलीत. मी रात्री दोनदा उठून बघून येते, तरी झोप लागत नाही, आपण उबेत आणि ती मुकी जनावरं तिकडे, असं मनात येत राहतं. सात वर्षांची मुलगी तर म्हणते करडं झाली की घरातच ठेवायची. काय करू? - गोठ्याची काळजी लागलेली सून

उत्तर:

अगं पोरी, आधी शेगडीचं बोलते, बाकीचं नंतर सावकाश वाच, पण हे आजच्या आज नवऱ्याला सांग. बंद गोठ्यात कोळशाची शेगडी ठेवायची नाही. थोडा वेळसुद्धा नाही, "मी जागाच आहे ना" म्हणून पण नाही. कोळसा धुमसताना जो कार्बन मोनॉक्साईड निघतो त्याला ना वास ना रंग, जनावर बसल्या जागी सुस्त होतं आणि बघायला गेलेला माणूस पण तिथेच पडतो. त्यात खाली पेंढा, वर प्लास्टिक, म्हणजे एक ठिणगी पुरे. नवऱ्याचा हेतू चांगला आहे हे मला कळतंय, त्याला पण तसंच सांग, पण शेगडी नाही म्हणजे नाही.

आता तुझ्या मूळ काळजीकडे येते, आपण उबेत आणि ती थंडीत. हे वाटणं चांगल्या माणसाचं आहे, त्याला कमी लेखत नाही. पण आपण थंडी आपल्या कातडीने मोजतो आणि गाईची कातडी आपली नाही. थंडी हळूहळू वाढत गेली की तिचे केस दाट होतात, आणि तिच्या पोटात चोवीस तास चारा आंबत असतो, त्या आंबण्यातूनच उष्णता तयार होते. ज्या गाईच्या अंगावर हिवाळ्याचे दाट केस आहेत, जी कोरडी आहे आणि पोटभर खाल्लेली आहे, तिला शून्य अंशापर्यंत अंग गरम ठेवायला वेगळी ताकद लावावी लागत नाही, केस खूप दाट असतील तर शून्याच्याही सात-आठ अंश खाली. आणि हीच गाय भिजली की? तोच आकडा थेट १५ अंशांवर येतो! म्हणजे भिजलेल्या गाईला १५ अंशांतच थंडी वाजायला लागते, कारण केसांमधे अडकलेली हवा तिला ऊब देत असते आणि ओल आली की ती हवाच राहत नाही, ओली रजई अंगावर घेऊन झोपल्यासारखं होतं ते.

म्हणून तुझं काम गोठा गरम करणं नाहीये. तुझं काम आहे जनावर कोरडं ठेवणं, वारा अंगावर येऊ न देणं आणि पोट भरलेलं ठेवणं. मी इतकी वर्षं गोठ्यात काढली, माझं ठाम मत आहे की हिवाळ्यात नुसत्या थंडीने जेवढी जनावरं आजारी पडतात त्यापेक्षा जास्त ओलीने आणि कोंडलेल्या हवेने पडतात.

म्हणजे ते प्लास्टिक. तुझे डोळे चुरचुरतात तो अमोनिया आहे, मुताचा आणि शेणाचा. आणि छतावरून टपकतं ते जनावरांच्या श्वासातलंच पाणी, मोठी गाय दिवसभरात कित्येक लिटर पाणी नुसत्या श्वासातून आणि कातडीतून बाहेर टाकते, बाहेर जायला वाट नसली की ते थंड छताला लागून परत खाली त्यांच्याच पाठीवर पडतं. तू उभी राहून श्वास घेतेस तिथे तुला चुरचुरतं ना, मग एकदा खाली बस, वासराचं तोंड असतं त्या उंचीवर, आणि दोन-तीन मिनिटं श्वास घेऊन बघ. लहान जनावर रात्रभर तिथेच श्वास घेतं. फुप्फुसाचं आतलं अस्तर त्या अमोनियाने खराब होतं आणि मग न्यूमोनियाला दार उघडंच. थंडीत वासरू न्यूमोनियाने गेलं की लोक म्हणतात गारठ्याने गेलं, आणि पुढच्या वर्षी अजून घट्ट बांधतात गोठा. मला याचं फार वाईट वाटतं कारण माया असते म्हणूनच लोक बांधतात.

तर सगळं प्लास्टिक काढू नकोस, वरचं काढ. ज्या बाजूने वारा येतो तिथे जमिनीपासून जनावर उभं राहिल्यावर पाठ येते तिथपर्यंत, किंवा थोडं वर, घट्ट बंद ठेव, खाली फट नको. पण छताच्या खालचा पट्टा मोकळा सोड, वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला जास्त मोकळा. गरम दमट हवा वर जाते आणि तिथून निघून जाते, जनावर बसलंय तिथे मात्र झोत येत नाही. झोत आणि हवा खेळती असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, अंगावर येतो तो झोत, डोक्यावरून जाते ती खेळती हवा. सकाळी छत कोरडं आणि नाकाला काही लागत नाही म्हणजे जमलं. ऊन पडलं की दिवसा एक बाजू पूर्ण उघडायची आणि जनावरं बाहेर उन्हात बांधायची, तेवढ्यात आतली जमीन पण सुकते.

सासऱ्यांना कसं सांगायचं हा खरा अवघड भाग, हो ना. त्यांनी ती जनावरं वाढवलीत आणि आता खाटेवर पडून सुनेच्या हातात सगळं दिलंय, त्यांनाही ते सोपं नसणार. त्यांना "तुमचं चुकतंय" म्हणून सांगायला जाऊ नकोस, त्यांच्याकडे जाऊन विचार की बाबा छतावरून पाणी गळतंय आणि गाईची पाठ ओली होतेय, तुम्ही काय करायचात? कुठल्याही जुन्या माणसाला ओली पाठ खपत नाही. बहुतेक ते स्वतःच म्हणतील की वरून थोडं सोड. आणि वारा नेमका कुठल्या बाजूने येतो, कुठली भिंत ओलावते, कुठल्या कोपऱ्यात पहाटे सगळ्यात जास्त गारठा असतो हे त्यांना जेवढं माहिती असेल तेवढं मला इथे बसून कधीच कळणार नाही, ते त्यांच्याकडून काढून घे. तो माणूस तुझ्या घरात आहे हे नशीब समज.

आता खाली. दगडी किंवा सिमेंटची जमीन असेल तर अंगातली ऊब जमीनच शोषून घेते, म्हणून खाली जाड पेंढा हवा, नुसता शिंपडलेला नको. रोज सगळं काढून धुवायची गरज नाही, थंडीत पाण्याने गोठा धुणं तर बंदच कर. शेण उचल, ओला भाग काढ, वर कोरडा थर टाक. पुरेसा आहे का हे बघायची सोपी रीत म्हणजे पेंढ्यावर गुडघे टेकून बसायचं, उठल्यावर गुडघे ओले झाले तर जनावर पण ओलं होतंय. वासरासाठी पेंढा इतका हवा की ते बसल्यावर त्याचे पाय दिसायला नकोत, बुडालेले असावेत. हे काम मुलीला दे! सात वर्षांच्या पोरीला गुडघे टेकून तपासायला खूप आवडेल आणि ती तुझ्यापेक्षा प्रामाणिकपणे करेल.

खाण्याचं. थंडी वाढली की लोक खुराक वाढवतात, पेंड भरडा जास्त, आणि तो पण एकदम. असं करू नकोस. खुराक एकदम वाढला की पोटात आम्ल होतं, जनावर खाणं सोडतं, हगवण लागते, प्रसंगी जीवावर बेततं. ऊब मिळते ती वाळक्या चाऱ्यातून, कारण तंतू जास्त असलेला चारा आंबायला वेळ लागतो आणि त्यात उष्णता जास्त निघते. खाल्ल्यावर काही तासांनी ती सगळ्यात जास्त असते, म्हणून दिवसाचा मोठा वाटा संध्याकाळी उशिरा टाक, म्हणजे भर रात्री पोटातली भट्टी चालू राहते. जनावराला सोसतं त्यापेक्षा थंडी जास्त झाली की दर अंशाला साधारण दोन टक्के जास्त खाणं लागतं, असा अंदाज धर. दुधातल्या गाईचा आणि शेवटच्या महिन्यातल्या गाभण जनावराचा खुराक वाढवायचा असेल तर आठ-दहा दिवसांत थोडा थोडा वाढव.

आणि डोळ्यांवर विश्वास ठेवू नकोस, हिवाळ्याच्या केसांखाली बारीक झालेली शेळी पण गुबगुबीत दिसते. हात लाव. पाठीचा कणा आणि बरगड्या बोटांनी चाचप, कण्याची टोकं टोचत असतील तर ती बारीक आहे, कितीही छान दिसू दे. हात फिरवताना केसांत उवा दिसतात का ते पण बघ, थंडीत त्या वाढतात, जनावर सारखं खांबाला अंग घासत असेल तर डॉक्टरांकडून औषध आण.

तुझ्या गाईचं दूध का कमी झालं याबद्दल माझा पहिला संशय पाण्यावर आहे. तू पत्रात पाण्याबद्दल एक अक्षर लिहिलं नाहीस आणि हिवाळ्यात सगळ्यांचंच तिकडे दुर्लक्ष होतं कारण जनावर मागत नाही. पण एक लिटर दुधामागे गाईला चार-एक लिटर पाणी लागतं, आणि पाणी बर्फासारखं असलं की ती दोन घोट घेऊन तोंड काढते. पाणी कमी प्यालं की चारा कमी खाते, चारा कमी तर दूध कमी आणि ऊब पण कमी, वाळका चारा पोटात अडकतो ते वेगळंच. शेळ्या याबाबतीत गाईपेक्षा नखरेल. तर दिवसातून दोनदा, दूध काढल्यानंतर लगेच आणि संध्याकाळच्या चाऱ्यानंतर, कोमट पाणी दे, हाताला गार लागणार नाही इतपत, कढत नको. जेवढं पिते तेवढं पिऊ दे. गव्हाणीजवळ मिठाची वीट ठेवलीस तर चाटतील आणि तहान पण लागेल. दूध काढून झाल्यावर सड कोरडे करूनच तिला बाहेर सोड, ओले सड वाऱ्यात फुटतात आणि फुटलेल्या सडातून कासेचा आजार आत शिरतो.

आता तुझ्या झोपेचं, कारण तूच आजारी पडलीस तर वरचं सगळं कोण करणार. रात्री दोनदा उठून तू काय बघतेस? नुसती फेरी मारून मन शांत होत नाही, कारण काय शोधायचं हे ठरलेलं नाही. झोपायच्या आधी शेवटची फेरी कर आणि त्यात एवढंच बघ: कोण थरथरतंय का, कोण पाठ कमानीसारखी करून कोपऱ्यात उभं आहे का, कोण रवंथ करत नाहीये का, पाठी कोरड्या आहेत का. बसून निवांत रवंथ करणारं जनावर थंडीने त्रासलेलं नसतं, ते बघून दार लाव आणि पहाटेपर्यंत झोप. रात्रीची फेरी फक्त तेव्हा जेव्हा कुणी व्यायला झालंय. गाईची कास भरते, सड ताठ होतात, शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंचे स्नायूबंध ढिले पडून खड्डे दिसायला लागतात, आणि व्यायच्या आधीच्या दिवसात ताप मोजलास तर नेहमीपेक्षा अर्धा-पाऊण अंश कमी भरतो. शेळीच्या शेपटीच्या बुडाशी दोन दोऱ्या हाताला लागतात, त्या लागेनाशा झाल्या की साधारण दिवसभरात करडं येतात. आतापासून रोज हात लावून बघ म्हणजे फरक कळेल. त्या रात्री तुझ्या एकटीच्या नसाव्यात, नवऱ्याला शेगडीऐवजी ही ड्यूटी दे, अर्धी रात्र त्याची अर्धी तुझी.

आणि एक छान गोष्ट सांगते. कॅनडात मॅनिटोबामधे गस कोनेफाल नावाचा एक शेतकरी होता, त्याने गाभण गाईंना रात्री उशिरा चारा टाकायला सुरुवात केली आणि बहुतेक वासरं दिवसाउजेडी जन्मायला लागली. पुढे ती पद्धत त्याच्याच नावाने ओळखली जाऊ लागली. कळपात याचा फरक चांगला दिसतो, एका गाईची खात्री कोणी देऊ शकत नाही, पण तुला उशिरा चारा टाकायचाच आहे, तर व्यायच्या महिनाभर आधीपासून म्हणजे आत्तापासूनच त्या गाईला पण तसाच टाक, झाला तर फायदाच.

पिल्लू जन्मलं की मात्र वरचे सगळे नियम बदलतात. मोठी गाय थंडी सोसते, तीन आठवड्यांच्या आतल्या वासराला १५ अंशांखालीच त्रास सुरू होतो, आणि जन्मतः ते ओलं असतं. त्याला आईला चाटू दे, आणि तू पण कोरड्या टॉवेलने किंवा गोणपाटाने खसखसून पूस, नुसतं टिपू नकोस, चोळल्याने रक्त फिरतं. कान आणि शेपटीचं टोक नीट कोरडं कर. नाळ टिंक्चर आयोडीनमधे बुडव. आणि चीक, जेवढा लवकर तेवढा चांगला, पहिल्या दोन तासांत पोटात गेलाच पाहिजे. त्यातून जी प्रतिकारशक्ती मिळते ती शोषायची आतड्याची ताकद तासातासाला कमी होत जाते आणि चोवीस तासांनी जवळजवळ संपते. वासराला वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका, म्हणजे ३५ किलोच्या वासराला साडेतीन लिटर, करडाला पण पहिल्या दिवसात त्याच हिशोबाने, पण थोडा थोडा करून.

करडू मलूल वाटलं तर कान गार आहेत की नाही याच्यावर जाऊ नकोस, तोंडात बोट घाल. तोंड गार लागलं तर ते खरंच गारठलंय. थर्मामीटर लाव, नेहमीचं तापमान साडेअडतीसच्या वर असतं. ३७ च्या खाली असेल तर जबरदस्तीने दूध पाजू नकोस, गिळायची ताकद नसते, दूध फुप्फुसात जातं आणि पोटात गेलं तरी पचत नाही, आधी ऊब मग दूध. खोक्यात कोरडा पेंढा, कापडात गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या बाटल्या दोन्ही बाजूंना, डोकं उघडं. पण जन्मून पाच-सहा तास उलटून गेलेत आणि पोटात काहीच नाहीये असं करडू असेल तर ऊब द्यायच्याही आधी डॉक्टरांना फोन कर, कारण त्याच्या रक्तातली साखर संपलेली असते, ती न देता गरम केलं तर झटके येऊन जातं. हीट लॅम्प लावायची वेळ आलीच तर तो वायरवर लटकवायचा नाही, साखळीने वेगळा पक्का बांधायचा, जाळीसकट, पेंढ्यापासून लांब, आणि कोणी जवळ असेल तेव्हाच. गोठे जळतात त्यात या दिव्यांचा मोठा हात असतो. धडधाकट, कोरड्या, चीक प्यालेल्या करडाला दिव्याची गरजच नसते.

कोंबड्यांचं पटकन सांगते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. अंडी बंद झाली ती थंडीमुळे नाही, उजेड कमी झाल्यामुळे, त्यांना नेमाने अंडी द्यायला १४ ते १६ तास उजेड लागतो आणि हिवाळ्यात दिवसच तेवढा नसतो, त्यात पिसं झडून नवी येत असतील तर सगळी ताकद तिकडे जाते. मी तर म्हणते त्यांना विश्रांती घेऊ दे. अगदीच हवी असतील अंडी तर टायमरवर एक साधा बल्ब पहाटे लाव, संध्याकाळी नको, कारण संध्याकाळी एकदम अंधार झाला तर त्यांना दांडीवर चढता येत नाही. खुराड्याला वरून हवा जायला जागा ठेव, जिथे पाणी गोठतं अशा थंडीत दमट खुराड्यातच कोंबड्यांचे तुरे जास्त काळे पडतात. संध्याकाळी मूठभर दाणे. कुत्र्याला अंगापुरतंच छोटं घर, जमिनीपासून जरा उंच, आत चादरी गोधड्या न टाकता कोरडा पेंढा, कारण कापड ओल धरतं, आणि खाणं थोडं वाढव.

मुलीचं राहिलं. तिला करडं घरात आणायचीत, साहजिक आहे, पण करडू काही तास जरी आईपासून लांब राहिलं तरी आई कधीकधी त्याला जवळ घेत नाही, आणि घरच्या उबेला सवकलेलं करडू परत गोठ्यात टाकलं की ते जास्त गारठतं. तिला हे असंच सरळ सांग, मुलांना कारण कळलं की ती ऐकतात. फक्त आजारी किंवा गारठलेलं करडू घरात येईल आणि ठणठणीत झालं की लगेच आईकडे, असा नियम कर, आणि करडांना हात लावला की साबणाने हात धुणं हा पण नियमच.

वरचं प्लास्टिक आणि कोमट पाणी या दोन गोष्टी उद्यापासून सुरू कर, बाकी हळूहळू. दुधाचा रोजचा आकडा भिंतीवर लिहीत जा. आठ-दहा दिवसांत वर गेला नाही तर चारही सडांची पहिली धार काळ्या ताटलीत वेगवेगळी काढून बघ, गुठळ्या किंवा पाणचट दिसलं, किंवा कासेचा एखादा भाग गरम-कडक लागला, तर डॉक्टरांना बोलाव. काहीच दिसलं नाही तरी कासेचा आजार आत लपलेला असू शकतो, तेव्हा दुधाची तपासणी करून घे, आणि ती शेवटची कधी व्याली आणि माजावर कधी आली होती ते पण आठवून ठेव, कारण ती पण गाभण राहिली असेल तर दूध त्याने पण उतरतं आणि मग तिला आटवायची तयारी करावी लागेल.